हाफिजजींची टकटक

आमच्या मदरशात कुणी चुकलं की टक् असा आवाज यायचा. पोरगं चुकलं की तिपाईवर, शिक्षक चुकला की मीटिंगच्या टेबलावर, आणि संस्थेचा सगळा कारभार बघणारे नाझिमसाहेब चुकले तरी तसाच. आवाज करणारे एकच, हाफिजजी. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचं आणि त्याच्या पेरानं लाकडावर हलकेच ठोकायचं. इतकी वर्षं ठोकून ठोकून त्या पेरावर चांगला घट्टा पडला होता.

ही संस्था बोईसरला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. खाली दहावीपर्यंतची शाळा, वर हिफ्ज, म्हणजे कुराण तोंडपाठ करणाऱ्या मुलांचा वर्ग. ज्याला ते पूर्ण पाठ तो हाफिज, आणि हा वर्ग हाफिजजींचा. मी खाली मराठी शिकवायचो. घर पालघरला. आधी जिथे होतो तिथे एकदा परीक्षेला मी नववीच्या जागी आठवीचे पेपर छापून आणले होते. झालं! पुढे मी नोकरी सोडेपर्यंत एक चहा असा गेला नाही की कुणी विचारलं नाही, "काय सर, पेपर बघून आणलेत ना?" मी मुळात तोंडाळ माणूस. चारदा ऐकून घेतलं, पाचव्यांदा एकाची गचांडी धरली आणि बाहेर पडलो.

त्यामुळे इथल्या पहिल्याच मीटिंगमध्ये मी सुट्टीची तारीख चुकीची वाचली आणि टक् वाजलं, तेव्हा माझ्या कपाळाची शीर उडाली. म्हटलं, झाली सुरुवात. वर बघितलं तर टेबलाच्या टोकाला बसलेले एक वाळकेसे म्हातारे खिडकीबाहेर बघत होते. बाकीचे आपापल्या कागदात. मी तारीख पुन्हा वाचली, चूक दिसली, बरोबर वाचली आणि मीटिंग पुढे गेली. कुणी हसलं नाही. नंतरच्या चहाला मी बाह्या सरसावूनच बसलो होतो, तर बोलणं सगळं पाण्याच्या टँकरचं. पुढचे कित्येक दिवस मी टोमण्याची वाट बघितली. तो आलाच नाही.

शेवटी मीच न राहवून वर गेलो. म्हटलं, "हाफिजजी, त्या दिवशी माझी चूक झाली होती."

"कंची चूक?" ते म्हणाले. "मला नाय आठवत."

"तुम्हीच तर ठोकलंत."

तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. रमजानमध्ये रात्री तरावीहची नमाज असते. इमाम उभ्या उभ्या कुराण पाठ म्हणत जातो आणि महिन्याभरात ते पूर्ण होतं. त्याच्या मागे पहिल्या रांगेत दुसरा हाफिज नुसता ऐकायला उभा असतो. इमाम अडखळला की हा मागून बरोबर शब्द म्हणतो. त्याला लुकमा म्हणतात. इमाम तो उचलतो आणि पुढे जातो. "आनि नमाज संपली का ती गोष्टबी संपली," हाफिजजी म्हणाले. "बाहेर चपला घालताना त्याच्यावर बोलायचा नाय. जो बोलंल तो माझा चेला नाय."

हे त्यांनी आधी वरच्या वर्गात आणलं, मग जिना उतरून ते आमच्या ऑफिसपर्यंत आलं. कधी, कसं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिली टक् म्हणजे तू चुकलास, स्वतः शोध. दुसरी टक् म्हणजे आयतीच्या, कुराणातल्या त्या वाक्याच्या, सुरुवातीला परत जा. तिसरीनंतरच ते बरोबर शब्द सांगायचे. एकदा नाझिमसाहेब ऐन भरात येऊन शिपायाला झापत होते. टक्. ते थांबले. टक्. नाझिमसाहेब बाहेर गेले, दारातून पुन्हा आत आले, सलाम केला आणि तीच गोष्ट हळू आवाजात बोलले. मी घरी हा प्रयोग बायकोवर केला. तिने लाटणं दाखवलं.

आता त्यांच्या मराठीविषयी. हाफिजजी मूळचे बिहारकडच्या पूर्णियाचे. बोईसरला आले तेव्हा मराठीचा गंध नव्हता. ते ती शिकले हिराबायकडून. हिराबाय सातपाटीची, सुके बोंबील आणि सुकट घेऊन मदरशाच्या फाटकाशी बसायची. त्यामुळे उर्दू बोलताना हा माणूस इतका अदबीचा की सात वर्षांच्या पोरालाही 'आप' म्हणायचा, आणि मराठीत शिरला की थेट सातपाटीचा मासळीबाजार! हिराबाय सगळ्या दुनियेला 'तू' म्हणायची म्हणून हाफिजजीही मराठीत सगळ्यांना 'तू' म्हणत. एकदा शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले, तर पांढरी दाढी, पांढरी टोपी अशा या बुजुर्गांनी त्यांना हात धरून खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "बस रे, उभा काय र्‍हातंस? पानी पी." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

हिराबाय त्यांना अजिबात भीत नसे. सगळा मदरसा त्यांच्यापुढे खाली मान घालून उभा राहायचा आणि ही खुशाल ओरडायची, "हात लावून लावून बोंबलाचा भुगा करतंस काय? घ्यायचा तर घे, नायतर जा तुझ्या पोरांना शिकव जा!" हाफिजजी हसत हसत दोन बोंबील कमीच घेऊन वर यायचे. मग तिचे गुडघे गेले आणि तिने बसणं सोडलं. फाटकाशी दुसरी एक बाई आली. ती डोक्यावर पदर घेऊन "घ्या ना बाबा, तुमाला काय द्यायचं ते द्या" म्हणायची. हाफिजजींनी तिच्याकडून एकदाच घेतले. "चव नाय त्याला," म्हणाले.

दुसरा आधार होता हाफिज इद्रीस यांचा. दोघं लहानपणी एकाच उस्तादांकडे शिकलेले. इद्रीस इकडे मनोरला मशिदीत होते. पाठ केलेलं कुराण रोज म्हटलं नाही तर निसटतं, आणि नुसतं स्वतःशी म्हणून भागत नाही, ऐकणारा लागतो. स्वतःची चूक स्वतःच्या कानाला बरोबरच वाटते. म्हणून रोज दुपारच्या नमाजनंतर हाफिजजी फोनवर इद्रीसना एक पारा, म्हणजे कुराणाच्या तीस भागांतला एक, ऐकवायचे आणि मग त्यांचा ऐकायचे. जिन्यातून जाताना मला कधी कधी ऐकू यायचं. इकडे हाफिजजींचं भरधाव म्हणणं चाललेलं, आणि मधेच फोनमधून बारीकशी टक्. तिकडे मनोरला इद्रीसही ठोकायचे. हाफिजजी थांबायचे, मागे जायचे, आणि गालातल्या गालात हसायचे.

महामारीत इद्रीस गेले. जनाज्यालाही कुणाला जाता आलं नाही. हाफिजजी त्यानंतर बरेच दिवस त्या वेळेला फोन समोर ठेवून बसायचे. लावायचे नाहीत, नुसते बसायचे. त्यांची बायको आधीच वारलेली, मुलगा पूर्णियाला. वर्षातून एकदा सुट्टीत गावी जायचे तेही कमी केलं होतं. वर्गाला लागून त्यांची खोली. एक खाट, एक सुरई, खिडकीतून दिसणारी कारखान्याची भिंत. शिफ्टची बस आली की खाली गलका व्हायचा, बस गेली की पुन्हा सामसूम. माणूस पोरांच्या गजबजाटात राहत होता आणि त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. मी कधी वर गेलो की बळेच चहा पाजायचे, आणि मी उठलो की पुन्हा म्हणायचे, "अजून थोडा बस ना."

मग त्या रमजानची गोष्ट झाली. मला ती खुद्द त्यांनीच सांगितली, नाहीतर मी हाफिज नाही, मला कळलंही नसतं.

तरावीहला इमाम होता सलमान. हाफिजजींचा सर्वांत लाडका चेला, सात वर्षांचा असल्यापासून त्यांच्यापुढे बसलेला, आता वरच्याच वर्गात शिक्षक. मागे ऐकायला हाफिजजी. त्या रात्री मीही तिसऱ्या रांगेत होतो. मध्येच हाफिजजींनी लुकमा दिला. सलमान क्षणभर थांबला, मग त्याने तो उचलला आणि पुढे गेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कुराणात काही आयती अगदी एकसारख्या सुरू होतात आणि पुढे वेगळ्या जातात. हाफिज मंडळींना धाक असतो तो याच जागांचा. बोईसर स्टेशनाबाहेर रुळांचा सांधा असतो, तिथे गाडी चुकून दुसऱ्या रुळावर गेली की गेलीच. तसं माणूस इथून निघतो आणि भलत्याच पाऱ्यात जाऊन पोचतो, बरं, त्याला पत्ताही नसतो. त्या रात्री सलमान बरोबर चालला होता. चुकले होते हाफिजजी. आणि सलमानला ते ठाऊक होतं! पण ज्यांनी अलिफपासून शिकवलं त्यांचा लुकमा नाकारायचा कसा? तो बरोबर रूळ सोडून उस्तादांच्या मागे चुकीच्या रुळावर गेला. आणि दुसऱ्या रात्री त्याने तो कालचा राहिलेला भाग गुपचूप, नीट, पुन्हा म्हणून घेतला.

तो ऐकताना मागे उभ्या असलेल्या हाफिजजींना सगळं कळलं.

"मला बोलला नाय तो," ते मला म्हणाले. आम्ही त्यांच्या खाटेवर बसलो होतो, खाली पोरं क्रिकेट खेळत होती. "मीच शिकवला ना, मागून बोलायचा नाय म्हनून. मीच. आता कोन बोलंल मला? त्याला इचारला, तर म्हनतो, सब ठीक है हज़रत. नाझिमला इचारला, तर म्हनतो, आप तो बुजुर्ग हैं. सगळे हात चुंबतात. टक् कोनी करत नाय."

मी आपलं म्हणालो, "वय झालं की होतं हो हाफिजजी."

"माझा जाऊ दे!" ते एकदम तडकले. तसे ते कधी तडकत नसत. "रोज पोरं माझ्यापुढं बसतात. मी चूक ऐकून 'हां' म्हनला, तर पोरगा जनमभर चूकच म्हननार. त्याच्याकडून त्याचे चेले. माझ्या कानाचा पाप किती लांब जाईल, बघ तू." त्यांनी माझा हात धरला. "मास्टर, तू भांडखोर हायस. तुला शरम नाय."

"वा! चांगलं सर्टिफिकेट दिलंत."

"हिराबाय नाय, इद्रीस नाय. आता तूच. पुस्तक उघड, बोट ठेव, मी म्हनतो. चुकला का ठोक."

मी कुराण बघून वाचू शकतो, तेही आमच्या आजीने शिकवलेलं, अडखळत. ते दुपारच्या एक्स्प्रेससारखे सुटायचे आणि माझं बोट पायी पायी मागे. "मास्टर, कुठं हाय बोट?" डोळे मिटलेले असूनही त्यांना कळायचं. पहिले काही दिवस त्यांच्या चुका कमी आणि माझंच हरवणं जास्त. पण मी चिवट. रोज शाळा सुटली की वर जायचो. घरी बायको म्हणायची, आता काय हाफिज होऊन येणार की काय? हळूहळू माझं बोट त्यांच्या सोबत चालायला लागलं, आणि मग मला त्यांचं घसरणं दिसायला लागलं.

एक दिवस मी पहिल्यांदा ठोकलं. टक्. ते थांबले, मागे गेले, बरोबर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मला वाटलं, बरं झालं, आपल्या तोंडाळपणाचा कुणाला तरी उपयोग झाला. मग टक् वाढत गेल्या. एक जागा तर अशी होती, तिथे ते रोज घसरायचे. इथून तिकडे जायचे, आणि तिकडच्या दुसऱ्या सारख्या आयतीवरून पुन्हा इकडे. तेच पान फिरून फिरून यायचं. एकदा मी तिथे तिसऱ्यांदा ठोकलं, आणि त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्यांना मी कुठे थांबवतोय तेच कळत नव्हतं. खाली पोरांनी कुणाला तरी आऊट केलं, मोठा आरडाओरडा झाला.

"पुरे," ते म्हणाले. "आता पोरांना ऐकायचा नाय मी."

शनिवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी स्वतःसाठीच टेबलावर ठोकलं. सगळ्यांनी आपापल्या कागदात चूक शोधायला सुरुवात केली. मग ते उर्दूत, अगदी ठरवून ठेवल्यासारखं, बोलले. आपले कान आता भरवशाचे राहिले नाहीत. मुलांना यापुढे सलमानने ऐकावं. आतापर्यंत आपण ऐकलेल्या सगळ्या मुलांना त्याने पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकावं.

नाझिमसाहेबांचे डोळे भरले. "हज़रत, ऐसा न कहिए. आप बस तशरीफ़ रखिए. सिर्फ़ बैठिए. आपके बैठने से बरकत है."

हाफिजजी एकदम मराठीत आले. "मी काय फोटो हाय काय, भिंतीवर लावायला? आनि मदरशात तर फोटोबी लावत नाय!"

एक-दोघे हसले. "आनि अजून एक," ते पुढे म्हणाले. "मी गेलेला नाय अजून. माझा सबक मला पक्का करायचा हाय. उद्यापासून मीबी पोरांच्या रांगेत बसनार. सलमानला ऐकवनार. चुकला का त्यानं ठोकायचा."

सलमान उठून उभा राहिला. चांगला बाप्या माणूस, दोन पोरांचा बाप, लहान पोरासारखा रडायला लागला. "हज़रत, जान ले लीजिए. मुझसे ये नहीं होगा."

हाफिजजी त्याच्याकडे बघत राहिले. मग इतक्या हळू आवाजात बोलले की टेबलाच्या त्या टोकाला बहुतेक ऐकू गेलं नसेल. "मग माझ्या मागं कोन उभा हाय रे?"

नाझिमसाहेबांनी दुआ म्हणून मीटिंग संपवली.

पुढच्या सुट्टीत त्यांचा मुलगा आला आणि त्यांना पूर्णियाला घेऊन गेला. मी तेव्हा बायकोच्या माहेरी माहीमला होतो, मला नंतर कळलं. त्यांची खोली आता पुस्तकं ठेवायला वापरतात. फोन केला तर मुलगा उचलतो, म्हणतो, अब्बा सोये हैं. दोनदा फोन दिला त्यांच्याकडे. एकदा त्यांनी मला इद्रीस समजून सलाम केला, एकदा नुसतं ऐकत राहिले. मला त्यांची फार आठवण येते. मीटिंगमध्ये कुणी चुकीचं बोललं की अजून सगळ्यांची नजर टेबलाच्या त्या टोकाकडे जाते.

पण माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या मीटिंगनंतरच्या आठवड्यातलं. चाचणी परीक्षेचं वेळापत्रक द्यायला मी वर गेलो होतो. दार उघडं होतं. पोरांची रांग डुलत होती, प्रत्येकाचं वेगळं चाललेलं, एकच मोठा गुंजारव. रांगेच्या शेवटी, सर्वांत लहान पोराच्या शेजारी, हाफिजजी मांडी घालून बसले होते. हात मांडीवर, डोळे मिटलेले. समोर, त्यांच्या जुन्या जागी, सलमान. तो मान खाली घालून बसला होता. जणू त्यालाच शिक्षा झाली होती.

आवाज खणखणीत होता, पहिल्यासारखाच. मी दारातच थांबलो, कारण कुठला पारा चाललाय ते मला कळलं. ती जागा जवळ येत होती. मी तिथे इतक्यांदा ठोकलं होतं की माझं बोट आपोआप दुमडलं. ती आयत आली, आणि हाफिजजी घसरले. भलत्या रुळावर गेले.

सलमानचा हात तिपाईवर होता. त्याने बोट दुमडलं. पण हात काही उचलला नाही. शेजारची पोरं एकेक करून गप्प झाली. ती हाफिज होणारी पोरं, त्यांना कळत होतं. हाफिजजी डुलत डुलत पुढे चालले होते, दूर दूर, एकटेच, आणि त्यांना थांबवायला त्या भरल्या वर्गात कुणी नव्हतं. मला वाटलं, दारावर आपणच ठोकावं. पण ते ठोकणं माझं नव्हतं. गोल फिरून ते पुन्हा तेच पान म्हणायला लागले, आणि तीच आयत पुन्हा आली.

टक्.

अगदी हलकी, ऐकू येईल न येईल अशी. हाफिजजी जागच्या जागी थांबले. डोळे उघडले नाहीत. मग त्यांनी जे आयुष्यभर पोरांना शिकवलं तेच केलं. आयतीच्या सुरुवातीला परत गेले, एकेक शब्द चाचपत त्या जागेपाशी आले, आणि या खेपेला बरोबर वाटेने पुढे निघाले. मी भिंतीकडे तोंड केलं.

आत पोरांचं डुलणं पुन्हा सुरू झालं होतं. हाफिजजींकडे मान वर करून कुणीही बघितलं नाही.